पेन ड्राइव्ह लागतो, पण गाणं वाजत नाही

चतुर्थीच्या आदल्या रात्री साडेनऊला काकांचा फोन. “रे, ह्या मशीन सकाळपर्यंत वाजत होता, आता काय झाला ह्येका? जरा येऊन बघ मरे.”

गेलो. माजघरात माटवी बांधून झालेली, नारळ-कवंडाळं टांगलेली, आणि खाली कोपऱ्यात काकांचं होम थिएटर गप्प. शेजारी दुपारीच मुंबईहून उतरलेला चुलतभाऊ, हातात नवाकोरा १२८ जीबीचा पेन ड्राइव्ह. आरत्या, भजनं, जुनी नाट्यपदं असं सगळं त्याने महिनाभर खपून जमवलेलं. पेन ड्राइव्ह लावला की त्याचा बारीक लाल दिवा लागतो, मशीनच्या पट्टीवर ‘रीडिंग’ येतं, आणि दहाएक सेकंदांनी ‘नो यूएसबी’. भावाचं निदान तयार होतं: मशीन जुनं झालं, नवीन घेऊ. काकांचंही तयार होतं: मशीनला काही झालेलं नाही, मुंबईचा पेन ड्राइव्हच खोटा.

दोघंही चुकले होते. पण ते कळायला रात्रीचे अकरा वाजले.

वाडीत मला ‘कॉम्प्युटरवालो’ म्हणतात, त्यामुळे असली बोलावणी गणपती, शिमगा आणि मे महिना या तीन हंगामांत हमखास येतात. एवढ्या वर्षांत एक कळलंय, की मशीन खरोखर बिघडलेलं फार क्वचित असतं. आणि आपण कुठे अडलोय हे ते बहुतेक वेळा पट्टीवर सांगत असतं. आपण ते वाचत नाही, रिमोटची बटणं दाबत सुटतो.

होम थिएटरच्या यूएसबीमागे कॉम्प्युटर नसतो. एक छोटी चिप असते आणि तिला ठरलेली कामं ठरलेल्या क्रमाने करता येतात. आधी ती पेन ड्राइव्हला ५ व्होल्टची वीज देते. मग विचारते, तू कोण? ‘मी साठवणीचं साधन’ असं उत्तर आलं तर त्यातलं दफ्तर शोधते. दफ्तर वाचता आलं तर फाइलींची यादी करते, यादीतली ओळखीची फाइल उघडते आणि तिच्यातून आवाज काढते. पट्टीवरचा शब्द म्हणजे ती यातल्या कुठल्या पायरीवर थांबली त्याची खूण. ‘नो यूएसबी’ किंवा ‘नो डिव्हाइस’ लगेच आलं, तर वीज आणि ओळख यांतच गडबड आहे. आधी ‘रीडिंग’ आणि मग तेच आलं, तर ओळख झाली पण दफ्तर वाचता येईना. ‘नो फाइल’ म्हणजे दफ्तर वाचलं, त्यात कामाचं काही दिसलं नाही. ‘अनसपोर्टेड’ येऊन किंवा काहीच न सांगता गाण्यामागून गाणी उडत असतील तर खोट फाइलच्या पोटात आहे. आणि पट्टीवर मिनिटं-सेकंद पुढे सरकतायत पण आवाज नाही, तर यूएसबीला सोडा. म्यूट, व्हॉल्यूम आणि स्पीकरच्या वायरी बघा. (वायर बहुतेक वेळा केरसुणीने निघालेली असते.) शब्द कंपनीगणिक थोडे इकडचे तिकडे होतात, अर्थ तोच.

काकांकडे ‘रीडिंग’ आधी आलं होतं. म्हणजे दफ्तर.

दफ्तर कोणत्या लिपीत

पेन ड्राइव्हमधली चिप ही जमीन समजा. गाणी म्हणजे तिच्यावरची घरं आणि कलमं. पण कुठलं घर कुठल्या गटात आणि कुठून कुठपर्यंत, हे जमिनीकडे बघून कळत नाही. त्यासाठी तलाठ्याकडचा सातबारा लागतो. पेन ड्राइव्हवरही असा सातबारा असतो, त्याला फाइल सिस्टीम म्हणतात. तो लिहायच्या पद्धती अनेक आहेत आणि त्यांतल्या तीन आपल्याला भेटतात: फॅट३२, एक्सफॅट आणि एनटीएफएस.

फॅट३२ ही १९९६ पासूनची, विंडोज ९५ च्या एका सुधारित आवृत्तीबरोबर आलेली. साधी, जुनी, आणि म्हणूनच बहुतेक सगळ्या मशीनना वाचता येणारी. एक्सफॅट २००६ ची. मोठ्या पेन ड्राइव्ह आणि कार्डांसाठी मायक्रोसॉफ्टने काढली. तिचा पूर्ण तपशील कंपनीने सगळ्यांसाठी खुला केला तो २०१९ मध्ये, तोवर ती वापरायची तर परवाना घ्यावा लागे. स्वस्तातलं होम थिएटर बनवणारा त्या भानगडीत कशाला पडेल? त्यामुळे जुन्या मशीनना, आणि आजही बाजारात मिळणाऱ्या साध्या अॅम्प्लिफायरना, एक्सफॅट म्हणजे मोडी लिपीतलं दफ्तर. एनटीएफएस ही विंडोजच्या हार्ड डिस्कची पद्धत, तीही यातल्या बऱ्याच जणांना येत नाही.

मोठा पेन ड्राइव्ह, म्हणजे ६४ जीबी किंवा वरचा, कारखान्यातून बहुतेक एक्सफॅट होऊनच येतो. भावाचाही तसाच होता. लॅपटॉपला लावून त्याच्या चित्रावर राइट क्लिक, मग ‘प्रॉपर्टीज’, की तिसऱ्या-चौथ्या ओळीत ‘फाइल सिस्टीम’ लिहिलेलं दिसतं. एवढंच बघायचं असतं. मशीन धडधाकट, पेन ड्राइव्ह खरा. नुसती लिपी जुळत नव्हती.

“मग फॉरमॅट मार,” भाऊ म्हणाला. पण विंडोजच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ जीबीच्या वरच्या पेन ड्राइव्हला फॅट३२ हा पर्यायच येत नाही. फॅट३२ ला स्वतःला मोठ्या जागेचं वावडं नाही, अडवणूक त्या खिडकीची आहे. ती खिडकी डेव्ह प्लमर या मायक्रोसॉफ्टच्या तेव्हाच्या अभियंत्याने १९९४ च्या अखेरीस एका सकाळी बसून बनवली, बरी सोय होईपर्यंत तात्पुरती म्हणून. आणि ३२ जीबीचा आकडाही तेव्हाच आपण ठरवला, असं त्याने पुढे स्वतःच सांगितलंय. बरी सोय काही झाली नाही. आपल्याकडे साकवावर तात्पुरत्या टाकलेल्या फळ्या पंधरा वर्षं राहतात, त्यातलाच प्रकार. २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही मर्यादा २ टीबीपर्यंत वाढवायला घेतली, तीही कमांड लाइनपुरती, म्हणजे हुकूम टाइप करून द्यायचा तिथे. त्यापेक्षा ‘रूफस’ हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम वापरा: त्यात ‘नॉन बूटेबल’ निवडलं की मोठाही पेन ड्राइव्ह फॅट३२ करून मिळतो. फॉरमॅट मारल्यावर आतलं सगळं जातं, तेव्हा आधी गाणी लॅपटॉपवर उतरवून घ्या. हे मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी कोणी ना कोणी मुलाच्या बारशाचे फोटो घालवून बसतो.

आम्ही मात्र त्या रात्री रूफसच्या वाटेला गेलोच नाही. भावाची गाणी मोजली तर सगळी मिळून साडेपाच जीबी. काकांच्या कपाटात जुना ८ जीबीचा पेन ड्राइव्ह होता, तो फॅट३२ करून त्यात भरली. १९२ केबीपीएसच्या (म्हणजे सेकंदाला १९२ किलोबिट, यालाच बिटरेट म्हणतात) एमपीथ्रीला मिनिटाला जेमतेम दीड एमबी लागतो, पाच मिनिटांचं गाणं सात एमबीच्या आसपास. म्हणजे ८ जीबीत हजारभर गाणी बसतात. हजार गाणी ऐकायला साडेतीन दिवस-रात्र लागतील. १२८ जीबीचा पेन ड्राइव्ह होम थिएटरला लावणं म्हणजे चार माणसांच्या भाताला टोप चढवणं. त्यातून अडचणी मात्र वाढतात: हजारो फाइली असल्या की यादी करतानाच मशीन मिनिटभर ‘रीडिंग’वर बसतं, आणि पुष्कळ मशीन ठरावीक फाइलींपलीकडे मोजतही नाहीत. तो आकडा माहितीपुस्तिकेत असतो. माहितीपुस्तिका कुठे आहे ते विचारू नका.

वाटण्यांचंही एक आहे. एका पेन ड्राइव्हचे दोन-तीन हिस्से केलेले असले (कोणी त्यावरून विंडोज टाकलं असेल तर असे होतात) तर मशीन बहुतेक पहिलाच हिस्सा बघतं. गाणी दुसऱ्या भावाच्या हिश्शात, आणि आपण थोरल्याचं दार वाजवतोय. अशा वेळी सगळे हिस्से पुसून एकच करायचा आणि त्याची मांडणी जुन्या ‘एमबीआर’ पद्धतीची ठेवायची. रूफसमध्ये तोही पर्याय समोरच असतो.

मंत्रपुष्पांजली आधी

चतुर्थीच्या दिवशी सकाळी पूजा झाली, निरांजन लावलं, टाळ हातात घेतले, काकांनी बटण दाबलं आणि मशीनने पहिली सुरू केली ती मंत्रपुष्पांजली. मागून देवीची आरती. गणपतीची पाचवी. काकीने माझ्याकडे जे बघितलं ते मी इथे लिहीत नाही. मशीन बंद करून आम्ही तोंडानेच आरत्या म्हटल्या, जे मुळात करायचं होतंच.

याचं कारण मोठं मजेशीर आहे. लॅपटॉपवर फोल्डर उघडला की फाइली नावाच्या क्रमाने दिसतात, पण ते लॅपटॉप आपल्यासाठी लावून दाखवतो. फॅट३२ च्या दफ्तरात नोंदी असतात त्या ज्या क्रमाने फाइली आल्या त्या क्रमाने. साधी मशीन दफ्तर वरून खाली वाचत जातात आणि तसंच वाजवतात. नावांकडे बघतच नाहीत. आणि विंडोजमध्ये बऱ्याच फाइली एकत्र निवडून ओढल्या, तर ज्या फाइलीला पकडून ओढलं तीच आधी जाते. मी रात्री यादीतल्या शेवटच्या फाइलीला धरून ओढलं होतं. शेवटची कुठली, सांगायला नको.

उपाय सोपा. नावांपुढे इंग्रजी आकड्यांत ०१, ०२, ०३ असे क्रमांक द्यायचे (शून्य हवंच, नाहीतर काही ठिकाणी १ नंतर १० येतो आणि २ मागे पडतो), फोल्डर नावाच्या क्रमाने लावायचा, सगळ्या निवडायच्या आणि पहिल्या फाइलीवर राइट क्लिक करून कॉपी करायच्या. पेन ड्राइव्हवरचा फोल्डर त्याआधी रिकामा हवा. पुसलेल्या नोंदींच्या मोकळ्या जागा नवीन फाइली पटकावतात आणि क्रम पुन्हा विस्कटतो. आधीच भरलेला पेन ड्राइव्ह असेल तर ‘ड्राइव्हसॉर्ट’ किंवा ‘फॅटसॉर्ट’ अशी छोटी साधनं दफ्तरातल्या नोंदीच नावाप्रमाणे लावून देतात. आणि ‘रँडम’ किंवा ‘शफल’ चालू नाही ना, ते आधी बघा. मी एकदा तासभर नोंदी लावत बसलो होतो आणि रिमोटवरचं शफल नातवाने दाबलेलं होतं.

फाइलींची नावं शक्यतो रोमन अक्षरांत ठेवा. देवनागरी नाव पेन ड्राइव्हवर नीट साठवलं जातं, पण मशीनच्या पट्टीकडे ती अक्षरंच नसतात, मग तिथे प्रश्नचिन्हं किंवा चौकोन उमटतात. गाणं बहुतेक वाजतं, कुठलं वाजतंय ते कळत नाही.

याच सदरात पुण्याच्या भाचीचा किस्सा. तिच्याकडे मॅक. तिने बेचाळीस गाणी भरली, मशीन म्हणतं चौऱ्याऐंशी, आणि प्रत्येक गाण्याआधी एक ‘एरर’. मॅक फॅट३२ वर फाइल लिहिताना तिच्या जोडीला टिंब आणि अधोरेखेने सुरू होणारी एक चिमुकली छुपी फाइल ठेवतो, नावाच्या शेवटी एमपीथ्री तसंच. मॅकवर ती दिसत नाही. मशीनला दिसते, आणि ते बिचारं तिला गाणं समजून वाजवायला जातं. पेन ड्राइव्ह विंडोजवर लावून, लपलेल्या फाइली दाखवायला सांगून, या चार-चार केबीच्या फाइली पुसून टाकल्या की झालं.

नाव एक, पोटात भलतंच

आता ‘अनसपोर्टेड’. इथे लोक सर्वांत जास्त चिडतात, कारण फाइल मोबाइलवर झक्क वाजत असते.

डबलबारीचं भजन कोणीतरी मोबाइलवर रेकॉर्ड करतो. ते साठवलं जातं एम४ए म्हणून, आत एएसी पद्धतीचा आवाज. दुसरा कोणी तेच व्हॉट्सॲपच्या व्हॉइस मेसेजमधून पाठवतो, ते ओपस. ओपस २०१२ ची पद्धत. कमी जागेत बोलणं फार छान बसवते, पण दहा वर्षांपूर्वीच्या होम थिएटरने तिचं नावही ऐकलेलं नसतं. मग कोणीतरी शहाणा फाइलीच्या नावातलं शेपूट खोडून तिथे एमपीथ्री लिहितो. फणसाच्या गऱ्यांवर ‘हापूस’ची पट्टी लावली म्हणून पेटीत आंबे होत नाहीत. मोबाइलचा प्लेअर हुशार असतो, नावाकडे न बघता आत डोकावतो आणि वाजवतो. होम थिएटर नावावर विश्वास ठेवतं, एमपीथ्री म्हणून उघडतं, आत भलतंच बघून पुढच्या गाण्यावर उडी मारतं. इंटरनेटवरून ‘एमपीथ्री’ म्हणून उतरवलेल्या गाण्यांतही हा प्रकार खूप.

आत काय आहे ते बघायला लॅपटॉपवर व्हीएलसी हा फुकट प्लेअर पुरतो. गाणं चालू करायचं आणि ‘टूल्स’मधून ‘कोडेक इन्फर्मेशन’ उघडायचं. तिथे ‘एमपेग ऑडिओ लेअर’ असं असेल तर ते खरं एमपीथ्री. एएसी, ओपस, व्हॉर्बिस असं काही असेल तर रूपांतर करावं लागेल. व्हीएलसीतच ‘कन्व्हर्ट’ आहे, ऑडॅसिटी या आवाज कापायच्या-जोडायच्या प्रोग्रॅमनेही होतं. रूपांतर करताना सॅम्पल रेट ४४.१ किलोहर्ट्झ आणि बिटरेट १९२ केबीपीएस, तोही स्थिर ठेवा; याला नाही म्हणणारं मशीन मला अजून भेटलं नाही. एमपीथ्रीचा बिटरेट ३२० पर्यंत जातो, पण मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं भजन ३२० ला नेऊन त्यात नसलेला आवाज येत नाही. पखवाज पखवाजासारखा ऐकू येण्याशी मतलब.

गाण्याच्या फाइलीत नाव, गायक, मुखपृष्ठाचं चित्र अशी माहितीही चिकटवलेली असते. चित्र फारच मोठं असलं की काही साधी मशीन गाणं सुरू करायलाच वेळ लावतात किंवा अडकतात. दोन-चारच गाणी हटकून अडत असतील तर त्यांतलं चित्र काढून बघा.

सातबाऱ्यावर ५१२, जागेवर ८

काकांना पेन ड्राइव्ह खोटा वाटला तो नव्हता, पण खोटे असतात. जत्रेत किंवा ऑनलाइन ‘५१२ जीबी’ चारशे रुपयांत मिळाला, तर त्यात बहुधा आठ-सोळा जीबीचीच चिप असते आणि आतल्या कंट्रोलरला, म्हणजे चिपचा कारभार बघणाऱ्याला, खोटं बोलायला शिकवलेलं असतं. लॅपटॉप विचारतो, जागा किती? तो सांगतो, ५१२. लॅपटॉप विश्वास ठेवतो आणि भरत जातो. खरी जागा संपली की पुढच्या फाइली एकतर हवेत जातात नाहीतर आधीच्यांच्या डोक्यावर लिहिल्या जातात. यादी पूर्ण दिसते, नावं, आकार, सगळं बरोबर. कारण दफ्तर सुरुवातीच्या खऱ्या जमिनीवर आहे. घरं मात्र समुद्रात. मशीनवर पहिली काही गाणी वाजतात आणि एका ठिकाणानंतर सगळं उडतं किंवा खरखरतं. लक्षण इतकं ठरलेलं आहे की आता मी न बघताही सांगतो.

तपासायला ‘एच२टेस्टडब्ल्यू’ नावाचं फुकट साधन आहे, लिनक्सवाल्यांसाठी ‘एफ३’. ते पेन ड्राइव्ह काठोकाठ भरून परत वाचून बघतं. मोठ्या ड्राइव्हला तासन् तास लागतात, रात्री लावून झोपा.

दिवा लागतो म्हणजे काय

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी हा भाग. पुण्यातल्या माणसाने वाचला नाही तरी चालेल.

पेन ड्राइव्हच्या चौकोनी तोंडात उजेड धरून बघा. चार सोनेरी पट्ट्या दिसतील. कडेच्या दोन विजेच्या, मधल्या दोन माहितीच्या. नीट बघितलं तर कडेच्या दोन किंचित लांब असतात, मधल्या आखूड. वीज आधी पोचावी आणि बोलणं मग सुरू व्हावं म्हणून ते मुद्दाम तसं केलेलं असतं. आता, दिवा लागायला कडेच्या दोन पुरतात. म्हणजे दिवा लागला याचा अर्थ वीज पोचली, एवढाच. मधल्या दोनांतल्या एकीवर जरी मिठाच्या हवेने हिरवट-पांढरी साय धरली असेल तर दिवा झकास लागतो आणि मशीन ताबडतोब ‘नो यूएसबी’ म्हणतं. पावसाळा संपता संपता आमच्याकडे हे घराघरांत होतं. स्वस्त पेन ड्राइव्हवरचा सोन्याचा मुलामा इतका पातळ असतो की दोन पावसाळे काढले तरी पुष्कळ.

साफ करताना मशीनचा प्लग भिंतीतून काढा; रिमोटने बंद केलेलं मशीन पूर्ण बंद नसतं. औषधाच्या दुकानात आयसोप्रोपाइल अल्कोहोल मिळतं. कान साफ करायची काडी त्यात जेमतेम ओली करायची आणि पेन ड्राइव्हच्या पट्ट्या पुसायच्या. मशीनच्या खाचेत मधोमध एक जीभ असते, तिच्यावरच्या पट्ट्याही हलक्या हाताने. दहा मिनिटं वाळू द्या. पॉलिश पेपर नको, त्याने मुलामाच निघतो. घासलेट तर अजिबात नको. एका शेजाऱ्याने ते केलं आणि मग खाचेत धूळ अशी चिकटली की खाच बदलावीच लागली. पावसाळ्यात मशीन आठवड्यातून एक-दोनदा अर्धा तास चालू ठेवलं तर आतली ऊब दमट हवा थोडी पळवते. पेन ड्राइव्ह झाकणाच्या डबीत, बुटांच्या खोक्यात मिळते ती सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा.

लाइटच्या लपंडावात मशीनची ती छोटी चिप गोंधळून अडकूनही बसते. तेव्हा प्लग काढून पाच मिनिटं थांबायचं आणि पुन्हा लावायचा. यापेक्षा शास्त्रशुद्ध काही करायचं नसतं.

विजेचाच दुसरा प्रश्न हार्ड डिस्कचा. यूएसबी २.० ची खाच ५०० मिलिअँपिअर देते. पेन ड्राइव्हला ते भरपूर, पण फिरत्या हार्ड डिस्कला सुरू होताना जास्त झटका लागतो. ती टिक-टिक करत राहते आणि मशीन तिला ओळखत नाही. जास्त वेळ तसं ठेवू नका, डिस्कलाच इजा होते.

आणि मोबाइल. केबलने मोबाइल होम थिएटरच्या यूएसबीत लावला तर तो चार्ज होईल, गाणी वाजवणार नाही. आताचे अँड्रॉइड फोन ‘मी साठवणीचं साधन’ असं सांगत नाहीत, एमटीपी नावाच्या वेगळ्या बोलीत बोलतात आणि ती या चिपला येत नाही. ब्लूटूथ वापरा नाहीतर ऑक्सची वायर.

यातलं काय करायचं ते ठरवायला माझ्याकडे एक जुना ४ जीबीचा पेन ड्राइव्ह आहे. फॅट३२, एकच हिस्सा, फोल्डर नाही, तीन खरी एमपीथ्री. कुठेही गेलो की आधी तो लावतो. वाजला तर मशीन ठीक, मग घरच्यांच्या पेन ड्राइव्हकडे वळायचं. नाही वाजला, आणि साफसफाई करूनही नाही वाजला, तर खाच गेली. वरचेवर ओढाताण झाल्याने तिचे टाके सुटतात. बाजारातला रेडिओ-टीव्हीवाला ते पुन्हा डाग देऊन देतो. स्थानिक जुळवणीच्या अॅम्प्लिफायरमध्ये यूएसबी, ब्लूटूथ आणि एफएम मिळून एकच बोटभर सर्किटची पट्टी असते, ती काही शे रुपयांत अख्खी बदलून मिळते. आणि दुरुस्तीवाल्याकडे चतुर्थी होईपर्यंत वेळ नसला तर मशीनच्या मागे लाल-पांढरी दोन भोकं असतातच. मोबाइलपासून तिथपर्यंत साधी वायर लागते आणि सोर्स ‘ऑक्स’वर ठेवावा लागतो.

काकांच्या ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर आता मलमपट्टीची चिकटपट्टी आहे. तिच्यावर काकीने बॉलपेनने लिहिलंय: ‘आरती. ह्यात गाणी घालूची नाय.’